मनोहर काकाजी आणि उचललेले सिनेमे

सिनेमा कितीही गाजलेला असो, मध्यंतर झालं की मनोहर काकाजी हातातला आलुबोंडा तोंडाशी नेण्याआधी निकाल देतात, "उचललं हाय. पुरंच्या पुरं."

काकाजी अड्याळला आमच्या शेजारी राहतात आणि गावातलं वाचनालय सांभाळतात. त्यांच्या मते एकाही सिनेमावाल्याला आजवर स्वतःची गोष्ट सुचलेली नाही. सगळ्या गोष्टी त्यांच्या वाचनालयातल्या कपाटांतून गेलेल्या आहेत. मुंबईचे लोक आपल्याकडे पुस्तकं वाचायला आले कधी, असं मी एकदा विचारलं. चोर काय सांगून येते का, असं त्यांनी मलाच विचारलं.

पुरावे त्यांना कधी कमी पडत नाहीत. हाणामारीच्या एका सिनेमात नायक अर्ध्या जेवणावरून उठतो. कोणत्याशा जुन्या कादंबरीत एक मास्तरही असाच ताटावरून उठतो. "आता काय बाकी ऱ्हायलं?" काकाजी म्हणतात. त्या मास्तराने आयुष्यात कोणाला चापटही मारलेली नसते, पण हा मुद्दा ते मोजत नाहीत.

यंदा आम्ही दोघांनी भंडाऱ्याला जाऊन एक सिनेमा पाहिला. घर सोडून गेलेल्या मोठ्या भावाची गोष्ट. अख्खं थेटर रडत होतं. दुसऱ्या दिवशी काकाजींनी चहाच्या टपरीवर जाहीर केलं की ही गोष्ट नदीकाठच्या भावाबहिणीच्या एका कादंबरीतून घेतली आहे, आणि खरा शेवट त्या पुस्तकातच आहे. लोकांनी शेवट विचारला. तो काही ते सांगेनात. "वाचनालय संध्याकाळी उघडं राहते जी," एवढंच म्हणाले.

वाचनालयात लोक येतात ते पेपरासाठी आणि पंख्यासाठी. पुस्तकांची कपाटं काकाजीच उघडतात, पुसतात आणि बंद करतात. पण त्या संध्याकाळी वनिता आली. तलावावर मासेमारी करणाऱ्या घरातली ही सून. तिनेही तो सिनेमा पाहिला होता. ती कादंबरी घेऊन गेली.

पुस्तक घेऊन ती परत आली तेव्हा मी पेपर वाचत बसलो होतो.

"काकाजी, याच्यात त्या सिनेमातलं काहीच नाई जी. मी पानापानात शोधून राहिली होती."

आता काकाजी पुरावे काढणार, असं मला वाटलं. त्यांनी फक्त पुस्तक पुरं वाचून झालं का, ते विचारलं. झालं, असं ती म्हणाली, पण पुस्तक काही तिने टेबलावर ठेवलं नाही. तशीच उभी राहिली.

"पण त्या बहिणीनं भावाचा डोंगा काहून विकला? तो वापस आला असता त नदीत कायनं गेला असता?"



"मलेही तसंच वाटलं होतं," काकाजी हळूच म्हणाले. "जवान होतो तवा वाचलं हे. तवापासून कोणासंग तरी बोलावं म्हणत होतो."

मग त्यांनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि स्वतः स्टुलावर बसले. आता म्हातारपणी मात्र त्या बहिणीचंही बरोबर वाटून राहिलं, असं ते म्हणाले. वनिताला ते अजिबात पटलं नाही. ती खुर्ची ओढून पुढे सरकली आणि भांडायलाच लागली.

मी पेपर घडी करून ठेवला आणि निघालो. काकाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.