नीलांबरी पहिली उनी

झिपरूआबांना वय विचारलंत, तर ते साल सांगत नाहीत, घोडा सांगतात. "मना जलम 'लाल बहार'ना सालना." म्हणजे ज्या वर्षी मुंबईची डर्बी ही मोठी शर्यत लाल बहार नावाच्या घोड्याने मारली, त्या वर्षी आबा जन्मले. त्यांचं लग्न 'ब्ल्यू थंडर'ला झालं आणि थोरली मुलगी 'काश्मीर प्राइड'ला. मागे आमच्या गल्लीत आधार कार्डाचं शिबिर लागलं होतं, तेव्हा मशीनवरच्या मुलीने जन्मसाल विचारलं आणि आबांनी घोडा सांगितला. तिने तो आडनावाच्या रकान्यात भरला. ते निस्तरायला मला दोन हेलपाटे पडले, कारण धुळ्यात आबांच्या दुकानाला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्यांची सगळी कागदपत्रं माझ्या गळ्यात आहेत.

आबा रिक्षांच्या सीटा शिवतात. त्यांचे वडील रघूबाबा टांगा हाकायचे. टांगे गेले, रिक्षा आल्या, मधल्या काळात आबा टांग्याच्या गाद्यांवरून रेक्झिनवर आले. पण मन घोड्यातून उतरलं नाही. दुकानात मागच्या भिंतीवर एक लांबलचक पत्रा आहे. त्यावर डर्बी जिंकणाऱ्या घोड्यांची नावं सालवार रंगवलेली. दरवर्षी फेब्रुवारीत पेंटर येतो, एक ओळ वाढवून आणि चहा पिऊन जातो.

आबांनी शर्यतीवर आयुष्यात कधी पैसे लावले नाहीत. कोणी तसं सुचवलं तरी कात्री बाजूला ठेवून त्याच्याकडे असे बघतात, की तो सीट न घेताच निघून जातो. त्यांना फक्त इतिहास हवा. कुठला घोडा कोणाचा, त्याची आई कोण, आईचा बाप कोण, शेवटच्या वळणावर कोण कितवा होता. माझ्या पुतणीसाठी फैजपूरहून स्थळ आलं. मुलगा केळीचा व्यापारी, दिसायला चांगला. सगळे पोह्यांचं कौतुक करत असताना आबांनी त्याला विचारलं, "मायना बाप कोन?" मुलगा गडबडला. आबा मला कानात म्हणाले, "बापकडून ताकद येस, पन दम मायकडून येस." लग्न झालं आणि सुखाचं झालं. त्याचं श्रेय आबा अजून मुलाच्या आजोबांना देतात.

"घोडाले डर्बी एकच डाव भेटस, विजू," हे त्यांचं पालुपद. चार वर्षांचा असतानाच घोडा त्या शर्यतीत धावू शकतो, पुढच्या वर्षी नाही. दीड मैल, अडीच मिनिटं, संपलं. हे सांगताना त्यांचा आवाज दरवेळी थोडा बसतो.

डर्बीच्या रविवारी दुकान बंद असतं, पण शटर अर्धं वर असतं. आबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मशीनला मोबाइल टेकवून बसतात. आम्ही सातआठ जण भोवती. घोडे रेषेपार गेले की आम्ही ओरडायला तोंड उघडतो आणि आबा हात वर करतात. "थांबा रे भो! निकाल पक्का व्हऊ द्या." मग ती चार-पाच मिनिटं कोणी हलायचं नाही. हा शिस्तीचा नियम माझ्या डोक्यात कधी शिरला नव्हता.

आता माझी खोड सांगतो. चूक दिसली की माझ्या अंगाला खाज सुटते. पत्र्यावर वरून कितव्यातरी ओळीत 'नीलांबरी' असं नाव आहे, बाकीच्यांपेक्षा जाड अक्षरात. मी एकदा सहज इंटरनेटवर यादी काढली, तर त्या वर्षी नीलांबरी दुसरी. मी ती यादी छापली, त्या ओळीवर पिवळा मार्कर मारला आणि डर्बीच्या रविवारी भर गर्दीत आबांच्या हातात दिली. शहाणपणाला काही सीमा असावी, पण मला नव्हती.

आबांनी कागद वाचला, नीट घडी केली. "तुना कागद खोटा शे," म्हणाले. मी म्हटलं, "आबा, सगळ्या जगाची यादी आहे." ते म्हणाले, "जगनी र्‍हाऊ दे. आमनी गल्लीमा नीलांबरीच जिंकनी." आणि पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

सोळाव्या दिवशी त्यांच्या घरच्या, सखूअक्का, माझ्या दुकानात आल्या. कळण्याची भाकरी आणि ठेचा काउंटरवर ठेवला. म्हणाल्या, "विजूभाऊ, त्या घोडीनं नाव नका काढत जाऊ. ते भाऊनी वाट देखी राहिनात."

आबांचा थोरला भाऊ हिरामण मुंबईला रेसच्या तबेल्यात होता. घोडी चारायची, चोळायची, फिरवायची. नीलांबरी त्याच्या हाताखालची. ती डर्बीत पहिली आली आणि हिरामणने धावत जाऊन इथे, घरासमोरच्या किराणा दुकानात फोन लावला. गल्लीत तेव्हा तेवढाच फोन. रघूबाबांनी टांग्याला झेंडूच्या माळा बांधल्या, हलगीवाला पुढे घेतला आणि "मना पोऱ्यानी घोडी!" म्हणत शहरभर जिलबी वाटायला निघाले.

वीस मिनिटांनी दुसरा फोन आला, तो आबांनी घेतला. वळणावर नीलांबरीच्या जॉकीने दुसऱ्या घोड्याची वाट अडवली होती. तक्रार झाली, निकाल फिरला, घोडी दुसरी. हिरामण रडत होता. त्याला निकाल पक्का होईपर्यंत धीर धरवला नव्हता. "बाबाला तू सांगू नको, मी येऊन सांगेन," एवढंच बोलला.

आबांनी घरोघर जाऊन, टांगा स्टँडवर जाऊन हात जोडले. म्हाताऱ्याला कोणी सांगू नका. कोणी सांगितलंही नाही. आठ दिवसांनी रघूबाबा झोपेतच गेले. मुंबईत मात्र हिरामणला गावाकडच्या कोणा मूर्खाने सांगितलं, की बापाने जिलबी वाटली, गाव हसलं आणि आठ दिवसांत म्हातारा गेला. हिरामण तेराव्यालाही आला नाही. आबा मुंबईला गेले, तर तो काम सोडून गेलेला. पुण्याला, बंगळूरला, कुठे कुठे. पत्रं परत आली.

"मंग हे दरसाल सारंगखेडाना घोडाबजारले जातस," अक्का म्हणाल्या, "आन सगळ्या घोडेवाल्यांशी भांडतस. नीलांबरीच जिंकली म्हणून. खरं कोणी कोणाला जाऊन सांगत नाही, पण येडा माणूस भेटला तर त्याची गोष्ट जो तो सांगतोच ना? कोणाच्या तरी तोंडून जाईल भाऊपर्यंत, असं म्हणतस."

मी ती यादी फाडली. पुढच्या डर्बीला एका कॉलेजच्या पोराने मोबाइल पुढे करून तीच शंका काढली, तेव्हा मी त्याला असं झापलं, की आबाच मला म्हणाले, "र्‍हाऊ दे रे."

यंदा मार्चमधली गोष्ट. दुपारची वेळ, रस्ता तापलेला. एका रिक्षातून फेंगड्या पायांचा, काटकुळा म्हातारा उतरला आणि आबांच्या दुकानासमोर उभा राहिला. आत आला, पत्र्यापाशी गेला आणि बोट फिरवत जाड अक्षरांवर थांबला. आबा सीटेला टाके घालत होते. त्यांनी वर पाहिलं आणि सुई तशीच राहिली.

"हे खोटं शे, झिपरू," म्हातारा म्हणाला. "ती दुसरी उनी."

"माले मालूम शे, भाऊ."

मी एव्हाना माझं काउंटर सोडून आबांच्या दाराशी आलो होतो. हिरामणभाऊ पत्र्याकडे तोंड करूनच बोलले, जणू वळण्याची हिंमत नव्हती. "बाबाले कव्हय समजनं?"

"समजनंच नही."

"झिपरू, आते तरी खरं सांग."

"खरंच सांगस. आदल्या सांजले बी ओट्यावर बसीसन सांगत व्हतात, मना पोऱ्यानी घोडी. हासतहासत झोपनात."

हिरामणभाऊ वळले. इतक्या वर्षांचं ओझं माणसाच्या तोंडावरून उतरताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहणं सोपं नव्हतं. 

"मंग मी कसाले नही उनू रे?"

  "आते उना ना," आबा म्हणाले, आणि मांडीवरची सीट बाजूला सारून, गुडघ्यांवर हात टेकत उठले, आणि थोरल्या भावाच्या पाया पडले.