विहीणबाईंचे सासरे

हॉलमधल्या कपाटावर तो फोटो दिसला आणि यमुनाबाई पोळी तव्यावरच विसरल्या. गोरापान माणूस, पिळदार मिशा, काळा कोट. डोळे घारेच असणार. त्यांनी निकाल देऊन टाकला: हे विहीणबाईंचे सासरे. त्या घरातले सगळे असेच गोरे-घारे, आणि फोटोतसुद्धा उपकार केल्यासारखे बघणारे. विहीण सुप्रभाबाई आज जवळच्या स्टॅनमोरहून जेवायला यायच्या होत्या, म्हणून सुनेने मांडला असणार. हार घालायचं मात्र सुचलं नाही!

"म्हणजे ठपका माझ्यावर," असं पुटपुटत त्यांनी बागेतल्या गुलाबांचा हार ओवला, काचेवर गंध लावलं, उदबत्ती खोचली.

तेवढ्यात शेजारची अर्चना डबा परत द्यायला आली. ती विलायतेतल्या या हॅरोच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी.

"कोण हो काकू हे?"

"विहीणबाईंचे सासरे. फार मोठा माणूस!" किती मोठा, ते यमुनाबाईंनाही ठाऊक नव्हतं.

जिन्यावरून नात उतरली. "सान्वी, यांच्याबद्दल सांग ना," अर्चना म्हणाली.

सान्वी खूश झाली. "तो नऊ वर्षाचा होता ना, तेव्हा कोळशाच्या माइनमध्ये काम केला. बावीसला वाचायला शिकला. चार इलेक्शन हरला, पाचवा जिंकला! मग लॉ केला, मुलांना माइनमध्ये पाठवायचं नाही. आणि विमेनना व्होट पाहिजे म्हणून स्वतःच्या पार्टीशी भांडला."

यमुनाबाई मटकन खुर्चीत बसल्या. त्यांची स्वतःची शाळा तिसरीत सुटलेली. बावीस वर्षांचा बाप्या पाटीवर अक्षरं गिरवतोय, हे डोळ्यांसमोर आलं आणि हात आपोआप जोडले गेले. "आणि ही बया वीस वर्षांत एका शब्दानं बोलली नाही!"

"रविवारी मंडळात व्याख्यानच ठेवते!" अर्चना म्हणाली आणि लगेच ग्रुपवर टाकू लागली.

सान्वी आजीच्या कानाशी आली. "आजी, याला हार का घातलास? हा अमेरिकन सेनेटर आहे. सोमवारी याच्यावर माझं हिस्ट्रीचं प्रेझेंटेशन आहे."

मंडळ आठवडाभर हसेल. विहीणबाई जन्मभर हसतील. आणि बेल वाजली.

"सुप्रभाकाकू!" अर्चना दारातच सुरू झाली. "केवढे थोर तुमचे सासरे! कोळशाच्या खाणीत काय, निवडणुका काय! रविवारी तुम्हीच बोलायचं त्यांच्यावर."

सुप्रभाबाईंनी चष्मा लावला. फोटो बघितला, हार बघितला, मग यमुनाबाईंचा उतरलेला चेहरा बघितला.

सुप्रभाबाईंनी पदर सावरून फोटोला वाकून नमस्कार केला. "हो गं. पण घरात कधी मिरवले नाहीत बिचारे."

यमुनाबाईंनी मनात कबूल केलं: काय बाई आहे ही!

"आणि भाषण मला मेलीला कुठलं जमायला?" सुप्रभाबाई गोड हसल्या. "यमुनाबाई बोलतील. आमच्या माणसांची माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त माहिती दिसतेय."

"बट नानी, हा तर—"

"गप गं!" दोघी विहिणी एकदम ओरडल्या.