सावंतकाकांचा खर्ज

नवी ओळ वाजवून दाखवल्यावर बायकोनं ‘छान’ म्हटलं की सावंतकाका ती खोडून टाकतात. तिनं नाक मुरडलं की खूश होऊन वहीत उतरवतात. मुलुंडला आमच्या बिल्डिंगमध्ये ते वर, मी खाली. त्यांच्या रचनांमध्ये मी व्हायोलिन वाजवते, म्हणून हा तमाशा मी रोज बघते. बाकीचे म्हणतात, ‘कंपोजर आहे, थोडा सटकलेला असणारच.’

तरुणपणी काका साकीनाक्याला लेथवर कामाला होते. पहिली रचनाही त्या लेथवरच केली, चार व्हायोलिनं एकदम टिपेला! तालीम सुरू झाली की खाली कुत्री रडायची. “झोप उडाली पाहिजे, गो!” काका गरजायचे. श्रोते उठायचेसुद्धा, फक्त परत यायचे नाहीत.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र त्यांचं संगीत खाली खाली उतरत गेलं. आधी बासरी गेली, मग एकेक व्हायोलिन. एका समीक्षकानं लिहिलं, ‘उतारवयातलं गंभीर चिंतन’. काका म्हणाले, “असेल बाबा.”

यंदा पार्ल्याचा कार्यक्रम आठवड्यावर आला आणि त्यांनी माझंही व्हायोलिन काढून टाकलं. उरले दोन चेलो, त्यातला एक काका स्वतः वाजवणार, आणि एक डबल बास; सगळी खर्जातली वाद्यं. माझं डोकंच फिरलं. तशीच वर गेले.

“काका, पंधरा वर्षं वाजवतेय मी तुमच्याकडे. माझं काय चुकलं ते तरी सांगा ना!”

काकांनी आधी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

“तुझं काही चुकलं नाही गो. हिला वरचे सूर ऐकू येत नाहीत. प्रत्येक ओळीत मी मुद्दाम एक सूर बेसूर लावतो. ऐकू आला तर नाक मुरडते, मग तो सूर सुधारून ओळ ठेवतो. नाही आला तर ‘छान’ म्हणते, माझं मन मोडू नये म्हणून.” जरा थांबून म्हणाले, “तिला बोलू नकोस हां. तिला वाटतं, मला ठाऊक नाही. एकदा तरी तिनं माझं सगळं ऐकायला हवं, बस.”



कार्यक्रमाला मी काकूंच्या शेजारी बसले. शेवटचा सूर थांबला. टाळ्या पडायच्या आत काकू माझ्या कानाशी कुजबुजायला वाकल्या, पण आवाज गेला अख्ख्या हॉलभर.

“आज सगळं ऐकू आलं गं! एक सूरसुद्धा सुटला नाही!”

स्टेजवर काका चेलोला मिठी मारून खाली मान घालून बसले. उठेचनात.