एकदा बघून घेतो

सकाळी सुनेने चावी फिरवली आणि गाडी खोकली. पुन्हा फिरवली तेव्हा नुसती कण्हली, आणि मग तेवढंही करायचं तिने सोडून दिलं. वर गॅलरीत नवरा, सासरे आणि सासूबाई श्वास रोखून उभे होते. शेवटी नवरा पायजम्यावरच खाली धावला, सासऱ्यांनी मागून हात लावला आणि उतारापर्यंत ढकलत नेल्यावर गाडी एकदाची सुरू झाली.

सून नर्स होती. नुकतंच तिला नवजात बाळांच्या वॉर्डची इनचार्ज केलं होतं, आणि तिथे सकाळची सिस्टर आल्याशिवाय रात्रीच्या सिस्टरला हलता येत नसे. त्या वेळेला बस नव्हती. दोनदा उशीर झाल्यावर मेट्रनबाईंनी तिला बोलावून शांतपणे सांगितलं होतं, की पुन्हा असं झालं तर इनचार्ज दुसरी नेमावी लागेल. आज ती कशीबशी वेळेत पोचली. या जागेसाठी तिने वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केल्या होत्या, आणि ती हातची जाऊ द्यायची नव्हती.

हे घर तसं फार काळजीवाहू. सासरे रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. नवरा विमा कंपनीत, म्हणजे न घडलेल्या अपघातांची काळजी करण्याचा त्याला पगारच मिळे. रात्री गॅस सासूबाई बंद करत, नवरा तो बंद असल्याचं बघून येई आणि सासरे बंद गॅस आणखी थोडा बंद करत. कुलूप लावल्यावर प्रत्येकाने ते ओढून बघायचं ही तर रीतच. सुनेचं माहेर याच्या अगदी उलट. तिथे दार रात्रभर सताड उघडं राहिलं तरी सकाळी कुणाला नवल वाटत नसे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती कुलूप लावून मागे न बघता जिना उतरायची, आणि मागे तिघं कुलूप ओढत राहायचे.

मेकॅनिक आला. त्याने प्लग साफ केले, स्टार्टर उघडून पुन्हा बसवला. गाडी झोकात सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खोकली. मग त्याने बॅटरी चार्ज करून आणली, तीही रात्रीत बसली. अखेर त्याने गाडी रात्रभर आपल्या गॅरेजमध्येच ठेवून घेतली, तर सकाळी ती पहिल्या फटक्यात सुरू. गाडी परत द्यायला आला तेव्हा बिचाऱ्याचा चेहरा पडला होता.

"ताई, गाडीत काही नाही," तो म्हणाला. "तिला तुमच्या घराची हवाच मानवत नाही. मी गेल्यावर तिला कुणी हात लावतं का?"

सासऱ्यांनी ठामपणे नाही म्हणून सांगितलं. नवरा म्हणाला, आम्ही कशाला लावू. सासूबाईंना आत काहीतरी काम आठवलं.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर सुनेला आठवलं, डबा गाडीतच राहिलाय. ती खाली गेली, तर आत नवरा बसलेला. तिच्यादेखत त्याने सेल्फ मारला, इंजिन सुरू केलं आणि लगेच बंद केलं.

"काय चाललंय?"

तो दचकला. "काही नाही गं. सकाळी होईल ना सुरू, तेवढं एकदा बघून घेतलं."

"रोज बघतोस?"

"तुला इनचार्ज केल्यापासून बघतो."

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. सासरे दुसरी चावी घेऊन उतरत होते. दोघांना बघून त्यांनी ती खिशात लपवायचा प्रयत्न केला, पण बनियनला खिसा नव्हता. मग सगळंच बाहेर आलं. ते झोपण्यापूर्वी एकदा सुरू करून बघत, हेडलाइटही लावून बघत, आणि झोप लागली नाही की पुन्हा येत. मागोमाग सासूबाई आल्या. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. त्या फक्त दार उघडून आतला दिवा लागतो का बघत, आणि तो बराच वेळ लागून राहिला की त्यांना समाधान वाटे. गाडी सकाळी अडली की प्रत्येकाची काळजी वाढे, काळजी वाढली की खालच्या फेऱ्या वाढत, आणि प्रत्येक फेरीगणिक बॅटरी आणखी उतरे.

सुनेला भयंकर राग आला. आपली जागा जवळजवळ घालवणारी ही माणसं मान खाली घालून समोर उभी होती. पण राग ओठांशी येऊन थांबला. लहानपणी ती एकदा अंगात ताप घेऊन शाळेतून अर्ध्यातच घरी आली होती, तेव्हा ती आल्याचं संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. इथे तिची गाडी सुरू व्हावी म्हणून तिघं एकमेकांपासून लपून जिने उतरत होते. तिला हसू आलं आणि रडूही आलं. तिने नुसता हात पुढे केला.

"चाव्या द्या. दोन्ही. सकाळपर्यंत गाडीकडे कुणी बघायचंसुद्धा नाही."

"बघायचंसुद्धा नाही?" सासऱ्यांनी खात्री करून घेतली.

बॅटरीत आता किती जीव उरलाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सुनेला नीट झोप लागली नाही. सकाळी तिने चावी फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली. तिने सुटकेचा श्वास टाकला, गाडी फाटकापर्यंत नेली आणि तिथे थांबली. हॉस्पिटलच्या आधीच्या चौकात ही बंद पडली तर? तिथे कोण ढकलणार? तिने इंजिन बंद केलं.

आपण काय केलं हे तिला त्यानंतर कळलं. तिने घाबरत पुन्हा चावी फिरवली. गाडी जरा अडखळली, मग सुरू झाली.

तिने वर पाहिलं. गॅलरीत तिघं कठडा घट्ट धरून उभे होते. तिने काच खाली केली.

"काही नाही, बाबा," ती म्हणाली. "एकदा बघून घेतलं."

सासऱ्यांनी समजून मान हलवली. "बरं केलंस," ते म्हणाले.