नळीशेजारी शिंकू नये

आमच्या प्रयोगशाळेतले तळवडेकर वर्तमानपत्र वाचायचे ते काचेच्या नळीतून. नळीत मेंदूभोवतालचं पाणी असायचं, डॉक्टरांनी रोग्याच्या कण्यात सुई घालून काढलेलं. निरोगी पाणी नितळ, त्याआडून छापील अक्षर स्वच्छ दिसतं. रोग असला की पुसट. तपासणी एवढीच. पण हे गृहस्थ नळीआडून अख्खा अग्रलेख वाचायचे आणि वर मला बजावायचे, "बाई, मुंबई मिळतलीच! पाणी नितळ असा." काय बोलणार अशा माणसाशी?

परळच्या त्या इस्पितळात मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम करायचे. त्यांचा सगळा जीव एका गोष्टीत. क्षयाचे जंतू मेंदूपर्यंत पोचले असले, तर रात्रभर स्थिर ठेवलेल्या नळीत कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा धरतो, आणि जंतू सापडतात ते त्या जाळ्यात. नळी हलली की जाळं मोडलं. म्हणून नळी ठेवली की खोलीत शिंकायचं नाही, खुर्ची ओढायची नाही. माझ्या चपला करकरतात म्हणून मला अनवाणी चालायला लावलं! "गप ऱ्हवा, जाळा धरता हा!"

"अहो, नळी आहे ती, बाळंतीण नव्हे!"

"बाळंतीण बरी. ती ओरडून सांगता तरी."

रोग्याचं नाव मात्र ऐकून घ्यायचे नाहीत. "नंबर सांगा. नाव कळला की डोळे फितूर होतत." कुणी चुकून नाव घेतलंच तर कानात बोटं. एकटा जीव सदाशिव. माणूसघाणा आहे मेला, असं माझं ठाम मत होतं.

एका दुपारी वॉर्डबॉय नळी घेऊन आला. त्याच्यामागे एक बाई, रडून डोळे सुजलेली. "भावोजी, आमच्या सुशीचं पाणी हो हे. ताप उतरतच नाही, पोर बोलतही नाही." करी रोडच्या चाळीतल्या, तळवडेकरांच्या शेजारच्या खोलीतल्या वहिनी. यांचं दोन वेळचं जेवण त्यांच्याकडेच. तळवडेकरांची बोटं कानाकडे गेली, पण उशीर झाला होता.

अक्षरं पुसट दिसली. संशय क्षयाचाच. जाळं धरलं तर निदान पक्कं, मग महिनोन्महिने सुया. ते हुकलं, औषध लांबलं, तर पोर हातची जाणार. तळवडेकरांनी नळी खिडकीजवळ ठेवली आणि स्टूल ओढून (होय, ओढून!) तिच्यासमोर बसले.

गिरण्या सुटल्या आणि मोर्चा आला. "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" रस्ता दणाणला, आमची तावदानं थरथरली, नळीतलं पाणी हललं. एरवी मोर्चात पुढे असणारा हा माणूस धाडधाड जिना उतरला. मी खिडकीतून बघते तर रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा! म्हटलं, आता खातोय मार.

झेंडेवाला खेकसला, "बाजूला हो रे! मुंबई नको काय तुला?"

"होयी रे बाबा, मुंबई होयी! पण वर माझा चेडू असा, त्याच्या पाण्याची तपासणी चालू असा. तेवढी इमारत गप जावा."

माझा चेडू! लग्नच न केलेल्या माणसाची मुलगी!

झेंडेवाल्याने मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. त्याच्या मागच्याने ठेवलं, त्याच्याही मागच्याने. आणि तो अख्खा मोर्चा, मुठी वर, तोंडं बंद, हलकी पावलं टाकत आमच्या खिडकीखालून गेला. कोपरा ओलांडल्यावर मात्र असा गरजला की बस्स! मी हसत होते की रडत, देव जाणे.

सकाळी तळवडेकर नळीकडे पाठ करून उभे होते. "बाई, तुमीच बघा."

जाळं धरलं होतं. नाजूक, अख्खं. जंतूही सापडले, आणि त्याच दिवशी सुया सुरू झाल्या.

पुढे सुशी बोलायला लागली, तेव्हा मी एकदा वॉर्डात डोकावले. नर्स तिला सुई देत होती आणि आमचे तळवडेकर पोरीचा पाय धरून, डोळे गच्च मिटून, हुंदके देत होते. सुशी त्यांच्या टकलावरून हात फिरवत म्हणाली, "झालं हां काका, झालं. उद्यापासून तुम्ही बाहेर थांबा बघू."

"नाय गो बाय," ते म्हणाले, "मी हयच बसतलंय."