साळूच्या अंगणातली दुर्बीण

एका जंगलात बेहड्याचं एक उंच झाड होतं. कुठलं जंगल, ते विचारू नका. जिथं झाडं कमी आणि शहाणे जास्त होत चाललेत, असं कुठलंही धरा.

त्या झाडाच्या मुळाशी साळू राहायची. साळू म्हणजे साळिंदर, बाळांनो. अंगभर काटे असतात ती. सगळं जंगल तिला तोंडावर साळूमावशी म्हणायचं. पाठीमागं काय म्हणायचं, ते लहान मुलांच्या गोष्टीत सांगत नाहीत.

त्याच झाडावर, पार वरच्या ढोलीत, धनेशीण राहायची. ही मोठ्या चोचीच्या धनेश पक्ष्याची बाई अंडी घालायला ढोलीत शिरली की आतून दार लिंपून घेते. कशानं लिंपते? चिखलानं आणि स्वतःच्या विष्ठेनं. नाकं मुरडू नका. तुमच्या घराच्या गिलाव्यापेक्षा ते जास्त टिकतं. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी ठेवते. मग महिनोन्महिने नवरा फळं आणून तिला फटीतून भरवतो. तो आला नाही, तर आतली आई आणि पिल्लं उपाशी मरतात.

नवऱ्यावर एवढा भरवसा! साळूला नवल वाटायचं. तिनं आपल्या नवऱ्याला कधी पाणी आणायलाही पाठवलं नव्हतं. पाठवलं असतं तर तहानेनंच मेली असती.

साळूची नजर अधू. वरचं काही दिसत नसे. पण रात्रभर कंद उकरून पहाटे घरी आली की ती दाराशी बसून राहायची. उन्हं आली की पंखांची मोठी घरघर व्हायची. थोड्या वेळानं वरून टप, टप, जांभळाच्या बिया पडायच्या. धनेशीण गर खाऊन बिया फटीतून खाली टाकायची.

"जेवली बाई," साळू म्हणायची, आणि मगच आत जाऊन झोपायची.

हल्ली बियांबरोबर वरून बारीक चिरचिरही ऐकू येई. पिल्लं झाली होती.

साळूला एकच रुखरुख होती. चार वर्षांचा शेजार, आणि शेजारणीचं तोंड काही साळूनं पाहिलं नव्हतं.

आता झालं काय, त्या जंगलात पक्षीनिरीक्षक मंडळ निघालं. अध्यक्ष झाले गवासाहेब, कारण त्यांना हलवणं कुणाला जमलं नसतं. तज्ज्ञ झाले ससेसर. ससेसरांनी दुर्बिणींबद्दल लिहिलेलं सगळं वाचलं होतं. पक्षी पाहायला त्यामुळे वेळ मिळाला नव्हता.

मंडळानं पहिला नियम केला. नुसत्या डोळ्यांनी पाहिलेला पक्षी वहीत धरायचा नाही.

"साध्या डोळ्यांनी तर गुरंसुद्धा बघतात!" गवासाहेब म्हणाले.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. गवासाहेब स्वतः कोण, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. शिंगं मोठी होती.

मग दुर्बीण घ्यायचं ठरलं. चांगली हवी आणि स्वस्तही हवी. पलीकडच्या ओढ्यावरचं उदमांजर लगेच पेटारा घेऊन हजर झालं. ते म्हणालं, "दुकानात बघून दुर्बीण कळत नाही, साहेब. पक्ष्यावर रोखून बघा. आपला एवढा धनेश आहे ना!"

सगळी जत्रा साळूच्या अंगणात आली.

"मावशी, इथं बसलो तर चालेल ना?" ससेसरांनी विचारलं.

एरवी साळूनं त्यांना ओढ्यापर्यंत पिटाळलं असतं. पण त्या दिवशी तिला शेजारणीचं तोंड आठवलं.

"बसा," ती म्हणाली. "पण मलाही बघायला द्यायचं. आणि अंगणात घाण करायची नाही."

पहिल्या दिवशी उदमांजरानं वीसपटीची दुर्बीण काढली. "वीसपट जवळ दिसतं! आठपटीची काय घेता, गरिबासारखी?"

ससेसरांनी ती उचलली. सशाचे डोळे असतात डोक्याच्या दोन बाजूंना, आणि दुर्बिणीच्या नळ्या शेजारीशेजारी. त्यामुळे एका वेळी एकच डोळा लागायचा. गवासाहेबांचंही तेच. पण हे बोलून दाखवायला दोघंही तयार नव्हते.

"दिसली! चोच दिसली," ससेसर ओरडले. "पण थरथरतेय. फार थरथरतेय. धनेशीणबाईंना हिवताप झालाय!"

वहीत हिवतापाची नोंद झाली.

"अहो सर, पक्षी नाही, तुमचे पंजे थरथरतायत," साळू म्हणाली. "वीसपट जवळ म्हणजे थरथरही वीसपट."

"मावशी, तुमचं शिक्षण?" ससेसरांनी विचारलं.

"तुमच्यापेक्षा कमी. म्हणून तर कळलं."

दुसऱ्या दिवशी लाल चकाकत्या काचांची दुर्बीण आली. अतिशय स्वस्त. लाल रंग काचेवरूनच परत फिरायचा, त्यामुळे तिच्यातून सगळं झाड हिरवट-निळसर दिसलं आणि ससेसरांनी बेहड्याला रोग लागल्याचं जाहीर केलं. मग एक दणकट आली. ती गळ्यात घालून गवासाहेबांसारखे गवासाहेब मान चोळत बसले. भांडणं झाली, तुलना झाली, पुन्हा भांडणं झाली. दुर्बिणीचे पट्टे कातड्याचे असावेत असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा हरणं उठून गेली.

साळूचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती कान देऊन बसली होती.

"सर," ती म्हणाली, "काल बिया पडल्या नाहीत. आजही नाहीत."

"पाहिलंत?"

"ऐकलं."

"काय ऐकलंत?"

"न पडलेल्या बिया ऐकल्या! वरची चिरचिरही बारीक झालीय. धनेश आलेला नाही. पोरं उपाशी आहेत."

गवासाहेबांनी मान हलवली. "मावशी, तुमच्या भावना कळतात. पण दुर्बिणीतून दिसल्याशिवाय मंडळाला काही म्हणता येत नाही. आणि दुर्बीण अजून ठरलेली नाही."

"मग ठरवा लवकर!"

"घाईत घेतली की फसगत होते," ससेसर म्हणाले. या एका बाबतीत ते खरं बोलत होते, हेच वाईट.

तिसऱ्या दिवशी सकाळी चिरचिर थांबली.

साळू उठली. पेटाऱ्यात तळाशी एक साधी काळी दुर्बीण पडली होती. आठ बाय बेचाळीस. म्हणजे आठपट जवळ दिसणार आणि पुढची काच बेचाळीस मिलिमीटर रुंद, म्हणजे झाडीतल्या अंधुक उजेडातही दिसणार. उदमांजरानं ती तीन दिवस दाखवलीच नव्हती. तिच्यात त्याला सुटत काय होतं?

साळूनं ती ससेसरांच्या पंजात कोंबली. "यातून बघा. आणि मुकाट्यानं जे दिसतं ते सांगा."

ससेसरांनी एक डोळा लावला. थरथर नाही, रंगाची भेसळ नाही. फिरवता फिरवता ते एकदम थबकले.

"पलीकडच्या सावरीवर धनेश बसलाय! काय सुंदर! चोचीत जांभूळ आहे."

"मग येत का नाही?"

"हा अभ्यासाचा विषय आहे. तो नुसता बघतोय."

"कुणाकडे?"

ससेसरांनी आणखी निरखून पाहिलं. मग आनंदानं म्हणाले, "आपल्याकडे! मावशी, तो थेट आपल्याकडेच बघतोय!"

सगळ्या मंडळानं टाळ्या वाजवल्या. गवासाहेबांनी छाती फुगवली.

साळूला तेवढ्यात सगळं उमगलं. तीन दिवस तो बिचारा तोंडात घास धरून बसला होता, आणि इकडे त्याच्या दारात बाजार भरला होता. बाजाराला "बसा" कुणी म्हटलं होतं? तिनंच.

तिनं पाठ फिरवली, काटे उभारले, खडखडवले, आणि उलट पावली सरळ मंडळात घुसली. साळिंदर हल्ला करतं ते मागं चालत, हे ससेसरांनी कुठंही वाचलेलं नव्हतं.

गवासाहेब, ज्यांना कुणी हलवू शकत नव्हतं, ते सगळ्यांत आधी हलले. उदमांजर पेटारा कवटाळून पळालं. क्षणात अंगण रिकामं झालं.

मग साळू बसली. बराच वेळ काहीच झालं नाही. आपण उशीर केला, असं तिला वाटू लागलं.

आणि घरघर झाली. मोठे पंख डोक्यावरून गेले. पुन्हा शांतता.

टप. एक बी साळूच्या डोक्यावर पडली. मग दुसरी. मग वरून चिरचिर सुरू झाली, आधी एक, मग दोन, चांगली भांडल्यासारखी.

"जेवली बाई," साळू म्हणाली, आणि तिथंच बसल्या बसल्या झोपली.

पावसाच्या तोंडाशी धनेशिणीनं दार फोडलं आणि बाहेर येऊन पहिल्यांदा काय केलं असेल? खालच्या फांदीवर उतरली आणि वाकून साळूकडे पाहिलं.

"खाली काटे वाजायचे ते तुम्हीच होय?" ती म्हणाली. "म्हटलं, एकदा तोंड तरी बघावं."

मंडळाचा अहवाल त्याआधीच निघाला होता. त्यात लिहिलं होतं, 'योग्य दुर्बिणीच्या निवडीमुळे धनेश कुटुंबाचे प्राण वाचले.' खाली बारीक अक्षरात, 'स्थानिक रहिवाशांचे सहकार्य मिळाले नाही.' उदमांजराच्या वीसपटीच्या सगळ्या दुर्बिणी त्या हंगामात खपल्या.

काळी दुर्बीण पळापळीत अंगणातच राहिली होती. साळूनं ती ठेवून घेतली. पक्षी पाहायला ती कधी वापरली नाही. मात्र मंडळ त्या वाटेनं येताना दिसलं की ती दुर्बीण उलटी धरायची आणि एक डोळा लावायची. गवासाहेब मुंगीएवढे व्हायचे आणि पार डोंगरापलीकडे जायचे. फार उत्तम दुर्बीण होती.

तात्पर्य: दुर्बीण घेताना कधीही घाई करू नये. चार दुर्बिणी बघाव्यात, दहा जणांना विचारावं, सगळी तुलना नीट करावी. तेवढ्यात पक्षी उपाशी मेला तरी हरकत नाही. दुर्बीण वाजवी भावात मिळते.