सुनेचा बिल्ला

"आबा सगळ्यांना विसरले, पण मला नाही!" टेलर हे दुकानात येईल त्याला ऐकवायचा, मापं घेता घेता, तोंडात टाचण्या धरून. आबा म्हणजे त्याचे वडील. अल्झायमर झाल्यापासून त्यांना सून नर्स वाटायची आणि नात कुणाची तरी पाहुणी. पण टेलर दुपारी जेवायला घरी आला, की त्यांच्यापुढे वाकून विचारायचा, "मला ओळखलंत का?" आबा हसून म्हणायचे, "म्हणजे काय, ओळखलं की." नाव मात्र कधी घेत नसत. तिकडे टेलर काणाडोळा करायचा. तेवढ्या एका वाक्यावर त्याचा दिवस ढकलला जायचा.

त्याची दहा वर्षांची मुलगी, भिंगरी, हिने भलतंच मनावर घेतलं. गल्लीत याच दुखण्याची आणखी काही घरं होती, आणि घरचे पार मेटाकुटीला आलेले. भिंगरीने दुकानातलं बकरम, म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते कापड, पळवलं. त्याचे बिल्ले कापून वर मार्करने लिहिलं: मुलगा, सून, नवरा, जावई. पिना लावून ते घरोघर फुकट वाटून आली. "आता आठवायचं नाही, नुसतं वाचायचं," असं सगळ्यांना बजावून.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. समोरच्या काकूंनी काकांच्या छातीवरचं 'नवरा' वाचलं, त्यांना खालीवर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हा? छे, हा फार म्हातारा आहे." काका दिवसभर जेवले नाहीत. वरच्या मजल्यावरच्या आजींचा मुलगा परदेशात, म्हणून भिंगरीने औषधं पोचवायला आलेल्या केमिस्टलाच 'मुलगा' लावून आत ढकललं. इतकी वर्षं एक फोन नाही म्हणून आजींनी त्याला असा झापला, की बिचारा डोळे पुसत खाली उतरला.

दुपारी टेलर घरी आला, तर भिंगरी दारात आडवी.

"बिल्ल्याशिवाय आत जायचं नाही."

"माझा कुठाय?"

"केमिस्टकाकांना दिला. तुला कशाला हवा, बाबा? तुला तर आबा ओळखतात."

टेलर तसाच आत शिरू लागला. बढाई त्याचीच. पण भिंगरी नियमाला पक्की. आई कामावर गेलेली, तिचा बिल्ला खुंटीला लटकत होता. तोच तिने बापाच्या खिशावर टोचला.

टेलर आबांपुढे वाकला. तो तोंड उघडणार, इतक्यात आबांनी चष्मा लावून बिल्ला वाचला. "सून." मग त्याच्या मिशांकडे पाहिलं. मुळात सभ्य माणूस, मिशांबद्दल काही बोलले नाहीत. त्याला शेजारी बसवून त्यांनी आवाज खाली आणला.

"सूनबाई, दुपारी एक गृहस्थ येतात ना?"

"येतात," टेलर म्हणाला.

"रोज विचारतात, ओळखलंत का. कोण आहेत, काही केल्या आठवत नाही गं. पण इतक्या आशेने बघतात, मी आपलं हो म्हणतो."

टेलरने हळूच मिशांवर हात धरला.

"त्यांना सांगू नकोस हं," आबा म्हणाले. "फार लागेल बिचाऱ्याला."

टेलरचा हात बिल्ल्यावर गेला, पण तो काढायचा धीर होईना. मग मान खाली घालून, जमेल तितक्या बारीक आवाजात तो म्हणाला, "नाही सांगत, मामंजी."